वऱ्हाड आलंय रत्नागिरीला!

आमच्या रत्नागिरीत एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा, आंब्यांचा आणि पाहुण्यांचा एकच हंगाम. घाटावरचं वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन पोहोचतं. चहा झाला की पुरुषमंडळी ‘जरा गाव बघून येतो’ म्हणत चपला अडकवतात. आणि बायका? कुणी रुखवत मांडतेय, कुणी दागिन्यांची पिशवी सांभाळत कार्यालयाच्या खोलीत पंख्याखाली बसलीय. सांगली-सोलापूरकडच्या कितीतरी आत्या-मावश्या अशा समुद्राच्या गावी येऊन समुद्र न बघताच परत जातात. महिला मंडळाच्या कामात लग्नघरांशी नेहमी संबंध येतो, तेव्हा हे फार खटकतं. म्हणून मैत्रिणींनो, मानपानाच्या यादीबरोबर एक यादी फिरण्याचीही करा.

सकाळी उन्हाच्या आत थिबा राजवाडा दाखवा. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या थिबा राजाला पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. पाहुण्याबायकांना मी नेहमी त्याच्या चार मुलींबद्दल सांगते. राजाच्या लेकी, पण तोलामोलाचं स्थळ परमुलखात कुठून मिळणार? थोरलीची मुलगी टुटू. तिने इथल्याच माणसाशी संसार केला आणि मराठी बोलत रत्नागिरीतच म्हातारी झाली. हे ऐकलं की लग्नाला आलेल्या बायका त्या रिकाम्या दालनांतून जरा हळूच चालतात.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर वाटेवरच, तिथे फार वेळ लागत नाही. पतितपावन मंदिरात मात्र थांबा. सावरकरांच्या पुढाकाराने, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ मध्ये उभं राहिलेलं, सर्व जातींसाठी खुलं असलेलं हे देऊळ. त्या काळी इथे सगळे एका पंगतीला बसले. आणि आपल्याकडे पहिल्या पंगतीवरून अजून रुसवे-फुगवे चालतात! (विहीणबाईंना हे देवळातच सांगितलेलं बरं, नाही का?)

संध्याकाळी रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंना समुद्र, वर भगवतीचं देऊळ. गुडघे कुरकुरत असतील त्यांना थिबा पॉइंटवर न्या. तिथून भाट्याची खाडी दिसते आणि सूर्यास्तही छान दिसतो. मुलांना मांडवीची काळी वाळू, मग पांढऱ्या समुद्राची पांढरी वाळू दाखवा. एकाच गावात दोन रंग, त्यांना भारी गंमत वाटते.

आता महत्त्वाचं. घाटावरच्या माणसाला समुद्र शांत दिसला की तो नदीसारखाच वाटतो. गणपतीपुळ्याला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. लग्नघरात तसं काही व्हायला नको. आमच्याकडे एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावस्येला तिथी पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. लग्नाची तिथी तर पत्रिकेवर छापलेलीच असते! पण हा अंदाज झाला. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचाराच. ओहोटीचं पाणी आत ओढतं. घोट्यापर्यंत पाय भिजवले तरी हौस फिटते, साडी नेसून पुढे जायचं नाही. पोरांचा हात सोडायचा नाही, आणि जेवण ‘झालेल्या’ भावोजींना तर पाण्याजवळ फिरकूही द्यायचं नाही.

गणपतीपुळ्याला जायचंच असेल तर आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या रस्त्याने जा. मात्र ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर मुहूर्ताला अर्धं वऱ्हाड गायब.

आणि वऱ्हाडाची बस दिवसभर कार्यालयासमोर उभीच असते की! ड्रायव्हरदादांना आदल्या रात्री सांगून ठेवा: सकाळी सातची पहिली फेरी बायकांची. दागिन्यांच्या पिशवीजवळ तोवर मामा बसतील.