काचेवरची बाई आणि चौदा किलोमीटरचा दगड

व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वर्षानुवर्षं असा छापला जायचा: १४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद–पैठण रोड, गाव चितेगाव, तालुका पैठण. घर नंबर नाही, गल्ली नाही. देशभर टीव्ही विकणारी कंपनी, आणि तिचा पत्ता म्हणजे रस्त्याकडेचा एक दगड. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ट्रकवाले यायचे, पोस्टमन यायचा, मुंबईहून हिशेबनीस यायचे. दगड मोजत यायचे आणि चौदाव्याला वळायचे.

हा पत्ता ज्याला अजिबात कळला नाही असा एकच प्रवासी मी पाहिला. तो २००९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या काकांच्या गाडीतून, समोरच्या काचेला चिकटून आला होता.

काका कारखान्यांतले कॉम्प्रेसर दुरुस्त करायचे. चाकण, रांजणगाव, वाळूज, चितेगाव, जिथून फोन येईल तिथं निघायचे. त्या वर्षी त्यांनी हौसेनं तळहाताएवढा डबा घेतला. त्याची खरी किंमत काकूंना आजतागायत कळलेली नाही. ४.३ इंची पडदा, मागं रबरी वाटीचा दांडा, सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची वायर. लोक त्याला ‘जीपीएस’ म्हणायचे, दुकानदार ‘नॅव्हिगेटर’ म्हणायचा. आतून इंग्रजीत बोलणारा आवाज बाईचा होता, म्हणून आमच्या घरात तिचं नाव ‘बाई’च पडलं. कंपनी कुठली ते सोडा. त्या काळातले सगळे डबे थोडेफार सारखेच वागायचे.

मी औरंगाबाद शहरातला म्हणून काका मला शेजारी बसवायचे, आणि रस्ता मात्र बाईला विचारायचे. बाईला आधी राज्य सांगायचं, मग शहर, मग रस्ता. ‘१४ किलोमीटर स्टोन’ टाकल्यावर तिनं दगडांचा व्यापार करणारी राजस्थानातली दोन ठिकाणं सुचवली. शेवटी नुसतं चितेगाव टाकलं. ते नाव ती ‘चाइट गाऊन’ असं उच्चारायची. पैठण रोडचा ‘पायथन रोड’ व्हायचा. संतांच्या गावाला निघालेला माणूस अजगराच्या वाटेनं चालला आहे, असं मागं बसलेल्या काकूंना वाटायचं.

गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं बाई गप्प असायची. हा उशीर काकांनी कधी समजून घेतला नाही, पण तो डब्याचा आळस नव्हता. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि आपला ठावठिकाणा सांगत असतात, तेही सेकंदाला जेमतेम ५० बिट या वेगानं. एका उपग्रहाचा नेमका मार्ग उतरवून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या ताफ्याचं वेळापत्रक पूर्ण ऐकायचं तर साडेबारा मिनिटं. चार उपग्रह पक्के हाती आल्याशिवाय जागा ठरत नाही: तिघं जागेसाठी आणि चौथा डब्यातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. महिनाभर खणात पडलेली बाई बाहेर काढली, की तिला आभाळातलं सगळं नव्यानं ऐकावं लागे. म्हणून काकूंनी पद्धत पाडली. चहा टाकायच्या आधी डबा अंगणातल्या तुळशीपाशी ठेवायचा. “तिला जरा आभाळ दाखवा,” म्हणायच्या.

उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानं हे आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे त्याची दुरुस्ती करता येते. ३८ मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटरहून जास्त पळतो. चितेगावात लावलेली गाडी नक्षत्रवाडीच्या अलीकडे दिसायला एवढी चूक पुरे. जाता जाता एक गंमत: या उपग्रहांच्या ताफ्याला तंत्रज्ञ तारकासमूहच म्हणतात, आणि पैठण रोडवर शहर संपता संपता नक्षत्रवाडी लागते. बाईनं त्या गावाचं नाव मात्र कधी धड घेतलं नाही.

ही व्यवस्था मुळात अमेरिकी लष्कराची. सामान्य माणसाला ती मुद्दाम बिघडवून दिली जायची, शंभरेक मीटरच्या घोळासकट. पैठण रोडवर शंभर मीटर म्हणजे तुम्ही डांबरावर आहात की उसात, हेच कळू नये. २ मे २००० रोजी तो घोळ बंद झाला आणि मग गाडीत लावायच्या डब्यांचा धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला. त्याआधीही खटपटी झाल्या होत्या. होंडानं १९८१ मध्ये वायूच्या झोतावरून गाडीचं वळणं ओळखणारं यंत्र काढलं. कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीनं १९८५ मध्ये कॅसेटवर नकाशे घातले. ईटॅक हे नाव प्रशांत महासागरातल्या नावाड्यांच्या युक्तीवरून घेतलेलं: आपली होडी जागच्या जागी उभी आहे आणि बेटं मागं सरकताहेत असं मानायचं. बाईच्या पडद्यावरही तेच चालायचं. बाण मधोमध स्थिर आणि अख्खा पैठण तालुका खाली घसरतोय.

गार्मिननं ‘नुवी’ २००५ मध्ये आणली आणि असा डबा घेऊन फिरणं जगभर सोपं झालं. पण डबा म्हणजे नुसता कान, डोकं नकाशाचं. आणि नकाशा ही आपल्याकडे सरकारी कुलपातली वस्तू होती. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनची. तिचे तपशीलवार कागद संरक्षणाच्या नावाखाली सहज हाती पडत नसत. १९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षणाची मालिका वेगळी केली आणि लोकांसाठी खुली मालिका वेगळी. त्याच्या कितीतरी आधी, १९९५ पासून, दिल्लीचे राकेश आणि रश्मी वर्मा डिजिटल नकाशांच्या धंद्यात उतरले होते. त्यांची मॅपमायइंडिया पुढं गाडीतले डबेही विकू लागली. अशा नकाशांसाठी माणसं गल्लोगल्ली फिरली. वळणं, एकेरी रस्ते, पूल नोंदवत गेली. म्हणजे बाई उपग्रहाकडून फक्त ‘आपण कुठं आहोत’ एवढं शिकायची. पुढं काय आहे, हे तिला कुणीतरी आधी जाऊन, पाहून सांगितलेलं असायचं.

हे लक्षात आलं, की तिच्या चुकांवर रागावता येत नाही. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून ती मोठ्या गाडीला बिनदिक्कत पाठवायची, कारण नकाशावर ती एक सरळ रेघ होती. दरवाजाची कमान किती रुंद आणि समोरून येणारा रिक्षावाला किती हट्टी, हे रेघेत मावत नाही. शिवाय या शहराची खरी नावं तिच्याकडं नव्हती. महावीर चौक होता, पण बाबा पेट्रोल पंप नव्हता. आणि महावीर चौक म्हटलं तर आमच्याकडे दहातले सात जण थबकतात. मोंढा नाका, सेव्हन हिल, दूध डेअरी, एपीआय कॉर्नर, हर्सूल टी पॉइंट: आमचं शहर खुणांवर चालतं, रस्त्यांच्या नावांवर नाही. काकांचं आणि माझं भांडण याच मुद्द्यावरून व्हायचं. मी म्हणायचो, “काका, बाबा पंपावरून डावीकडं घ्या.” काका म्हणायचे, “अरे, ती उजवीकडं म्हणतेय.” दोघंही बहुतेक वेळा बरोबर असायचे आणि उशीर मात्र व्हायचाच.

एकदा काकांनी चौदाचा हिशेब तपासायचं ठरवलं. क्रांती चौकातून निघालो तर बाईचा आकडा एक आला, स्टेशनपासून दुसरा, महानुभाव आश्रमाच्या चौकातून तिसरा. दगड एकच, पण त्याचं शून्य कुठं धरायचं यावर सगळं अवलंबून. काका दोन दिवस याच विचारात होते. माणसं इतकी वर्षं दगड मोजत बरोबर कशी पोचत होती, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बाराव्या दगडानंतर कुणी मोजत नाही. टपरीवर विचारतात.

दगड न मोजता वाट सांगण्याची रीत याच रस्त्यावर फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणची नोंद आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. किलोमीटर नाहीत, वळणं नाहीत, दिवस आहेत. बैल, पाऊस, मुक्काम सगळं त्या ‘दहा दिवसां’त धरलेलं. बाई मात्र ‘अठ्ठावीस मिनिटं’ सांगायची आणि नाथषष्ठीच्या दिंड्या रस्त्यावर असल्या तरी अठ्ठावीसच सांगायची. तिला वारकरी दिसत नव्हते. आजचा मोबाइल नकाशा लाल पट्टी दाखवतो, कारण पुढं अडकलेल्यांचे फोन त्याला कळवतात. बाईला कुणी काही कळवत नसे.

आणि इथंच माझं तिच्याविषयीचं मत बदलत गेलं. त्या काळात लोकांना वाटायचं, की डबा लावला म्हणजे वरून कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय. चितेगावच्या टपरीवर एकानं काकांना गंभीरपणे विचारलं होतं, “सायेब, तुमी हितं चा पेताय ते बी दिसतंय का त्येंला?” काका हसले. खरी गोष्ट उलटी आहे. हा डबा फक्त ऐकतो. तो वर एक अक्षर पाठवत नाही. उपग्रहाला काका नावाचा माणूस आहे हेही ठाऊक नसतं. आकाशवाणीला जसा आपला रेडिओ ठाऊक नसतो तसं. खिशातल्या फोनबद्दल असं म्हणता येईल का? फोन रस्ता सांगतो आणि आपण कुठं थांबलो, किती वेळ थांबलो हे त्याच दमात दुसऱ्याला सांगतो. बाई रस्ता चुकवायची, पण चुगली करत नव्हती. कन्नडच्या पुढं औट्रम घाटात फोनची रेंज गेली तरी तिचं काही अडायचं नाही, हाही एक गुण.

तिच्या वाईट सवयी मात्र अस्सल मराठवाडी उन्हानं वाढवल्या. एप्रिल-मेमध्ये रबरी वाटी काच सोडायची. नगर नाक्यावर एकदा बाई काकांच्या मांडीवर येऊन पडली आणि तिथूनही यू-टर्न घ्यायला सांगत राहिली. वाटी ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा बसवावी लागे. वायर गियरमध्ये अडकायची ती वेगळीच. श्रीमंतीच्या बाबतीत हे शहर तेव्हा बातम्यांत होतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. काका आपल्या मारुतीच्या काचेकडं बघून म्हणाले, “त्यांच्या गाडीत बाई आत बसवलेली असेल. आपली बाहेर लटकतेय, एवढाच फरक.”

मग फोन आले आणि डबा खणात गेला. दरम्यान शहर बदललं. चितेगावच्या पुढं बिडकीनला ऑरिकची औद्योगिक नगरी आखली गेली. व्हिडिओकॉनवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. सोलापूर–धुळे महामार्गाचा नवा वळणरस्ता देवळाई-साताऱ्याकडून कांचनवाडीला आला. पैठण रोडचं रुंदीकरण निघालं.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. काका-काकू पैठणला नाथांच्या दर्शनाला म्हणून आले होते. वाटेत चितेगावला काकांच्या जुन्या ओळखीच्या एका निवृत्त फोरमनना भेटायचं होतं. काकांनी पिशवीतून बाई काढली. नातवाला दाखवायची होती म्हणे. काकूंनी सवयीनं ती आधी तुळशीपाशी ठेवली. बराच वेळ गेला, पण लागली. पडद्यावर तारीख आली: रविवार, १ मे २००५.

नातू हसला, पण हिशेब चोख होता. जीपीएसची व्यवस्था आठवडे मोजते आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असंच शून्य झालं. ज्या जुन्या डब्यांची दुरुस्ती झाली नव्हती ते १०२४ आठवडे मागं राहिले. म्हणून वार बरोबर आणि वर्ष चूक. बाईच्या मते राष्ट्रीय नकाशा धोरण यायला अजून अठरा दिवस होते. तिचा स्वतःचा नकाशाही अजून जन्मायचा होता.

नव्या वळणरस्त्यावर आलो तसा बाण शेतात शिरला. बाई सारखी ‘शक्य होताच मागं वळा’ म्हणत होती. कांचनवाडीला पैठण रोडला लागल्यावर तिला हायसं वाटलं असावं. बाण टुणकन रेघेवर येऊन बसला. “कंटिन्यू ऑन पायथन रोड.” काकू मागून म्हणाल्या, “बघा, आठवतंय तिला.” चितेगावला तिनं पोचल्याचं जाहीर केलं. मी चौदाचा दगड शोधत होतो. रुंदीकरणाच्या मातीत मला तो दिसला नाही.

फोरमनचं घर फोनच्या नकाशातही नव्हतं. काकांनी टपरीपाशी गाडी थांबवली, काच खाली केली. “दादा, जरा रस्ता सांगता का?”

टपरीवाल्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, बाहेर आला आणि हात लांब केला. “सरळ जावा मामा. व्हिडिओकॉन होतं ना, त्येच्या पुढं. मोठा वड होता बघा, आता तोडला, तिथून डाव्या अंगाला. फुडं पिठाची गिरणी व्हती, ती बंदय. तिच्या मागचं घर.”

काकांनी मान हलवली, बाईची वायर काढली आणि गाडी सुरू केली. सगळं समजलं होतं त्यांना.