स्मृतीची जागा मागताना

खारेपाटातल्या शेतकऱ्याला खळे अपुरे पडले, तर लगतची जमीन मोकळी असल्यास तो तेच वाढवील. नसल्यास भात दुसऱ्या खळ्यावर हलवील. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेतील ‘रीॲलॉक’ संगणकाच्या स्मृतीत हेच करते. जागा हलली, की जुना पत्ता निरुपयोगी. परंतु जागा मिळालीच नाही, तर ‘नल’ म्हणजे नकार येतो आणि जुने खळे शाबूत राहते. हा नकार जुन्याच पत्त्यावर गिरवला, तर भात असून हरवले! म्हणून उत्तर आधी वेगळ्या चलात घ्यावे, तपासावे, मगच पत्ता बदलावा. काम संपताच ‘फ्री’ने जागा परत करावी, तीही एकदाच.