फ्रीजवरचा कागद

"मावशी, तुझ्याकडे एक काम आहे. पण आईला आत्ताच सांगू नकोस हं."

भाचीचा फोन असा सुरू झाला की माझ्या पोटात गोळाच येतो. २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. ती नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमधल्या बर्नला असते. मला वाटलं, लग्नाचं काहीतरी असेल. निघालं भलतंच. बाईसाहेबांना एका डोंगराच्या धारेवरून दिवसभर चालायचं होतं आणि घरी बसून लक्ष ठेवणारं माणूस म्हणून माझी नेमणूक झाली होती!

इंटरलाकनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दोन तळ्यांच्या मधलं गाव. हिंदी सिनेमांनी तो मुलूख इतका दाखवला की २०१६ मध्ये तिथे यश चोप्रांचा पुतळाच उभा राहिला. या गावाच्या डोक्यावरून, ब्रिएन्झ तळ्याच्या काठाकाठाने एक लांबच लांब धार जाते. तिचं नाव हार्डरग्राट. १३२२ मीटरवरच्या हार्डर कुल्मपासून २३५० मीटरच्या ब्रिएन्झर रोटहॉर्नपर्यंत. गावापासून धरलं तर अंतर वीस किलोमीटरच्या वर, आणि तेही सपाटीचं नाही. एक शिखर चढा, उतरा, पुन्हा चढा. पायवाट काही ठिकाणी जेमतेम पाऊल मावेल एवढी, आणि दोन्हीकडे सरळ खाली गेलेला गवताचा उतार. मधलं टानहॉर्न २२२१ मीटरवर आणि खालचं तळं ५६४ वर. म्हणजे जवळजवळ आपलं अख्खं कळसूबाई तुमच्या पायाखाली! तिकडे पायवाटांना अवघडपणाप्रमाणे टी-१ ते टी-६ असे दर्जे देतात. टानहॉर्नचा टप्पा टी-५. तिथून पडून माणसं गेलेली आहेत, हेही तिनेच सांगितलं.

"मग जातेस कशाला?" असं मी विचारलं नाही. विचारलं, "कशी जाणार ते सांग."

तिने सगळं लिहून पाठवलं. मी त्याचा कागद काढून फ्रीजला चिकटवला. बरोबर ऑफिसातली मैत्रीण, एकटीने जायचं नाही. हार्डर कुल्मला गावातून रेल्वे जाते, पण ती सकाळी फार लवकर सुटत नाही. म्हणून पहाटे चारला कपाळाला बॅटरी बांधून पायीच निघायचं. धारेवर पाणी मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकीकडे तीन लिटर. (तेवढं ओझं झालंच की पाठीवर!) दुपारनंतर तिथे उन्हाळ्यात गडगडाटी पाऊस येतो, त्याआधी रोटहॉर्न गाठायचं. रोटहॉर्नवरून खाली यायला दातेरी रुळांची आगगाडी आहे, १८९२ पासूनची, आणि अजून वाफेची इंजिनं धावतात. शेवटची गाडी चुकली तर दमलेल्या गुडघ्यांनी सतराशे मीटर उतरायचं.

आमचे हे चहा पिता पिता कागद वाचत म्हणाले, "पहाटे तीनला उठायचं, तर याला सुट्टी कशाला म्हणतात?"

मला मात्र त्यातली एकच ओळ महत्त्वाची वाटली. तिने लाल पेनाने लिहिली होती. "नऊपर्यंत आउग्स्टमाटहॉर्न. उशीर झाला किंवा गवत ओलं असलं तर तिथूनच खाली." कारण त्या शिखरावरून खाली उतरायला नीट वाट आहे. त्यापुढे धार अरुंद होते आणि मध्येच सहज उतरता येत नाही. आणि ओल्या गवतावर बूट कितीही चांगला असला तरी पाय ठरत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतला उतार उतरलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

ही ओळ मला का लागली, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या चौदा जणींना मी कळसूबाईला नेलं होतं. डबे, औषधं, गाडी, सगळं चोख. फक्त कितीला परत फिरायचं हे ठरवलं नव्हतं. "आता एवढं आलोय तर" करत दुपारी तीनला माथ्यावर पोचलो. उतरताना शिड्यांवर अंधार झाला, एकीचा पाय मुरगळला. चूक माझीच होती. वर दमलेल्या अवस्थेत, सगळ्या जणी उत्साहात असताना, परत फिरू म्हणायची माझी छाती झाली नव्हती. घरी शांत डोक्याने ठरवलं असतं तर वर वाद घालावा लागला नसता.

तेव्हा भाचीला मी एकच अट घातली. आईला सांगायचं. ताईला मीच फोन केला. ती आधी माझ्यावरच चिडली, मग रडली, मग म्हणाली, "बरोबर दशम्या तरी घेऊन जा म्हणावं."

कागदावर शेवटी होतं, आमच्या घड्याळात रात्री साडेनऊपर्यंत निरोप आला नाही तर हेलिकॉप्टरवाल्या बचाव पथकाला फोन करायचा. तिथला १४१४ हा नंबर आपल्याकडून लागणार नाही, म्हणून परदेशातून लावायचा वेगळा नंबर तिने शोधून ठेवला होता. हे मला सुचलं नसतं.

त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे. त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. साडेबाराला मी कुकरकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होते. पाऊण वाजला. एक वाजला. ताईचे तीन फोन येऊन गेले. एक वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, "वेळेत पोचलो. पण रात्री पाऊस झालाय, गवत ओलं आहे. खाली उतरतोय." सोबत फोटो, वाकड्या शिंगांचे रानबोकड आणि मागे धुक्यात गेलेली धार.

संध्याकाळी हाबकर्न गावातून बसने इंटरलाकनला पोचल्यावर तिने फोन केला. आवाज पडलेला होता. "पुढचं सगळं दिसत होतं गं मावशी. आमच्यासमोर चार जण गेलेसुद्धा." मी काही समजूत घातली नाही. दशम्या खाल्ल्यास का, एवढंच विचारलं.

आठ दिवसांनी ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ती सप्टेंबरात पुन्हा जाणार म्हणतेय. या खेपेला तो कागद मलाही पाठवायला सांग. माझ्याही फ्रीजला जागा आहे."