वाऱ्याचा जमाखर्च

व्यापारानिमित्त मुंबईहून लंडनला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: जाताना वेळ अधिक लागतो, परतीचा प्रवास लवकर आटोपतो. पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेस निघालेल्या विमानाकडे लंडनच चालत येऊन वेळ वाचायला नको का, असे घरातील मुले विचारतात.

प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या अक्षांशावर भूमी ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते; परंतु तिच्यासोबत वातावरणही फिरते आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानालाही तोच वेग लाभलेला असतो. धावत्या आगगाडीत वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, तसेच हे.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. उष्ण कटिबंधातील तप्त हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. अशा रीतीने साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे धावणारे वेगवान वायुप्रवाह निर्माण होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. पुढे १९५२ मध्ये पॅन ॲमच्या विमानाने त्यांचा लाभ घेतला, तेव्हा टोकियो ते होनोलुलू हा १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आतच पोहोचले.

मग जाताना गमावलेला वेळ येताना पुरता वसूल होतो का? हिशेब मांडून पाहू. न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १५० किलोमीटर धरल्यास पूर्वेकडे ५ तास १७ मिनिटे, तर पश्चिमेकडे ७ तास २४ मिनिटे लागतात. एकूण १२ तास ४१ मिनिटे. वारा नसता तर १२ तास २० मिनिटे पुरली असती. म्हणजे खात्यात २१ मिनिटांची तूटच! कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते.

म्हणूनच विमान कंपन्या जाताना प्रवाह टाळणारा आणि येताना त्यावर स्वार होणारा मार्ग निवडतात. त्यात इंधनाची मोठी बचत असते. हिवाळ्यात हे प्रवाह अधिक प्रबळ असतात. त्या दिवसांत पश्चिमेकडे जाताना पुढचे विमान गाठायचे असल्यास हाताशी तासभर अधिक राखावा, हे शहाणपणाचे.