ऑर्डरची खिडकी लॅपटॉपवरच

बाजार सव्वानऊला उघडतो, पण डोंबिवलीतल्या या ट्रेडरचं टेबल पावणेनऊलाच सुरू होतं. एक लॅपटॉप आणि त्याला जोडलेले चोवीस इंची दोन मॉनिटर. मधल्या पडद्यावर निफ्टीचा पाच मिनिटांचा चार्ट. उजवीकडचा मॉनिटर उभा फिरवलेला; त्यावर ऑप्शन चेन. निफ्टीच्या स्ट्राइक पन्नास-पन्नास अंकांच्या अंतरानं एकाखाली एक लागतात, त्यामुळे उभ्या पडद्यावर सरकवासरकव न करता बऱ्याच जास्त दिसतात. रुंदी कमी पडते म्हणून नको ते रकाने लपवलेत. राहिलेत भाव, ओपन इंटरेस्ट आणि त्यातला बदल, एवढेच.

ऑर्डरची खिडकी मात्र लॅपटॉपच्याच पडद्यावर, आणि ती तिथून कधी हलत नाही.

कारण वीज. लाइट गेली की दोन्ही मॉनिटर काळे पडतात, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. उघडी पोझिशन असेल तर त्या क्षणी चार्ट नसला तरी भागतं, स्टॉपलॉस आणि स्क्वेअर ऑफचं बटण समोर हवं. राउटरही विजेवरच चालतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावलाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवलाय. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा तो इथे.

खरी अडचण पोर्टची. या लॅपटॉपला एचडीएमआय एकच. दुसरा मॉनिटर यूएसबी-सीवर चालतो; पण दिसायला सारख्या असलेल्या प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र जात नाही, त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट लागतं. एम १ आणि एम २ चिपच्या मॅकबुक एअरवर अधिकृतपणे बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. तिथे डिस्प्लेलिंकचा ॲडॅप्टर कामी येतो. तो चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो, त्यामुळे प्रोसेसरवर भार येतो. चार्ट पाहायला तेवढं पुरतं.

स्क्रीनवरचा व्यवहार आपल्याकडे फार जुना नाही. एनएसईवर शेअरचे व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले ते संगणकावरच. दलाल स्ट्रीटच्या रिंगमधला ओरडा पुढच्या वर्षी तिथे बोल्ट ही संगणक प्रणाली आल्यावर ओसरू लागला. आज तेच काम घरातल्या टेबलावर होतं, आणि टेबल सजवण्याचा मोहही मोठा आहे. तिसरा, चौथा मॉनिटर घेण्याआधी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचावा: तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरचा तोटा झाला. पडदे वाढवून हा आकडा बदलेल असं मानायला काहीच आधार नाही.

मॉनिटर घ्यायचाच असेल, तर दुकानात जाण्याआधी आपल्या लॅपटॉपचं मॉडेल कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा आणि त्यावर बाहेरचे किती पडदे चालतात ते पाहून घ्या.