इटालियन साहित्य व संस्कृती : विद्यापीठीय अध्ययन

इटालियन भाषेतील साहित्य आणि त्यामागील भाषिक, कलाविषयक व सामाजिक परंपरा यांचा उच्च शिक्षणातील स्वतंत्र विषय म्हणून होणारा अभ्यास. बोलोन्या येथील विद्यापीठ परंपरेने १०८८ इतके जुने मानले जाते. परंतु तेथे व इतरत्रही अध्यापनाची भाषा अनेक शतके लॅटिनच होती. देशभाषेतील काव्य हा विद्यापीठीय अध्यापनाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना विद्वानांना रुचणारी नव्हती. त्यामुळे या अध्ययनाचा उगम विद्यापीठात शोधावयाचा नसून तो फ्लॉरेन्समधील एका चर्चमध्ये शोधावा लागतो.

फ्लॉरेन्सच्या नगरशासनाने १३७३ मध्ये जोव्हान्नी बोकाचीओ (१३१३–७५) याची दान्तेच्या (१२६५–१३२१) दिव्हीना कोम्मेदीआ या महाकाव्यावर सार्वजनिक व्याख्याने देण्यासाठी नेमणूक केली. मानधन शंभर फ्लोरिन ठरले होते. ज्या नगराने १३०२ मध्ये दान्तेला हद्दपार करून देहदंड फर्मावला होता, त्यानेच हा खर्च सोसावा, हे लक्षणीय आहे. प्रथम शब्दार्थ आणि नंतर रूपकार्थ, असा बोकाचीओच्या विवेचनाचा क्रम होता. प्रकृती ढासळल्याने ‘नरक’ या पहिल्या खंडाच्या सतराव्या सर्गाच्या आरंभीच व्याख्याने थांबली. दान्तेचे गहन काव्य सामान्यजनांपुढे उघडे केल्याबद्दल त्याला दोषही देण्यात आला. संस्कृत-प्राकृत वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा आक्षेप नवा वाटणार नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिएना येथे तस्कन भाषेचे अध्यासन निर्माण झाले, तेही मुख्यतः जर्मन विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी. विषयाला आजचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात राजकीय निर्वासितांचा वाटा मोठा होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ मध्ये इटालियनचा प्राध्यापक झालेला आंतोन्यो पानित्सी आणि किंग्ज कॉलेजात १८३१ मध्ये आलेला गाब्रिएले रोस्सेत्ती हे दोघेही स्वदेशातील क्रांतिकारक चळवळींमुळे परागंदा झाले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजातील पहिला इटालियन प्राध्यापक (१८२५) लोरेंत्सो दा पोंते हा मात्र कर्जामुळे देशोधडीला लागलेला. मोट्सार्टच्या तीन प्रसिद्ध संगीतिकांच्या संहिता त्याच्या आहेत. इटली हे राष्ट्र अस्तित्वात नसताना परदेशी विद्यार्थ्यांना ‘इटालियन संस्कृती’ शिकविण्याचे काम या मंडळींनी केले.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी नाव म्हणजे फ्रांचेस्को दे सांक्तीस (१८१७–८३). नेपल्समध्ये तुरुंगवास भोगल्यानंतर १८५६ ते १८६० या काळात झुरिकच्या तंत्रविद्यालयात त्याने दान्ते व पीत्रार्क यांवर व्याख्याने दिली. एकीकरणानंतर १८६१ मध्ये तो इटलीचा शिक्षणमंत्री झाला. १८७०–७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या साहित्येतिहासात साहित्याची वाटचाल ही राष्ट्राच्या नैतिक जीवनाची कहाणी म्हणून मांडलेली आहे. यामागे निकड होती. तूल्यो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार एकीकरणाच्या वेळी इटालियन बोलू शकणारे लोक अडीच टक्क्यांच्या आसपास होते (इतरांनी हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत धरले आहे); बाकीचे आपापल्या बोली बोलत. अशा समाजात साहित्य हेच एकतेचे मुख्य प्रमाण ठरले. मात्र त्यामुळे बोलींतील समृद्ध वाङ्मय अभ्यासक्रमाबाहेर राहिले. ही उणीव दीर्घकाळ टिकली.

याच सुमारास बोलोन्यात जोझ्वे कार्दूत्ची (१८३५–१९०७, नोबेल पारितोषिक १९०६) याने १८६० पासून चार दशकांहून अधिक काळ अध्यापन करून कागदपत्रे, पाठभेद आणि छंद यांच्या काटेकोर अभ्यासाची शिस्त घालून दिली. पुढे बेनेदेत्तो क्रोचेने (१८६६–१९५२) स्वतः कोणतेही अध्यासन न स्वीकारता अशा पद्धतीच्या मर्यादा दाखवून काव्याच्या सौंदर्यानुभूतीला प्राधान्य दिले. तथापि पाठचिकित्सेवाचून या विषयाला गत्यंतर नाही. दान्तेच्या हस्ताक्षरातील एकही ओळ उपलब्ध नाही; त्याच्या महाकाव्याची मात्र सुमारे आठशे हस्तलिखिते जगभर विखुरलेली आहेत. त्यांपैकी एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. जोर्जो पेत्रोक्कीने १९६६–६७ मध्ये सिद्ध केलेली संहिता बोकाचीओने केलेल्या नकलांपूर्वीच्या हस्तलिखितांवर आधारलेली असून ती आजही अध्यापनात सर्वाधिक वापरली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विषयाची कक्षा रुंदावली. आंतोन्यो ग्राम्शीच्या तुरुंगातील टिपणवह्या १९४८ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. बुद्धिजीवी वर्ग लोकजीवनापासून तुटलेला का राहिला, हा त्यांतील प्रश्न साहित्याच्या वर्गातही चर्चिला जाऊ लागला. बोलोन्यात १९७१ मध्ये कला, संगीत व नाट्य यांचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला. उंबेर्तो एको तेथे चिन्हमीमांसा शिकवीत असे. चित्रपट, स्त्रियांचे लेखन आणि स्थलांतरितांचे साहित्यही आता अभ्यासविषय झाले आहेत.

इटलीबाहेर हा विषय घेणारे बरेच विद्यार्थी पहिल्या वर्षी भाषेची मुळाक्षरेच गिरवीत असतात. म्हणून ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील एक वर्ष साधारणतः इटलीत काढावे लागते. पेरूजा व सिएना येथे परदेशीयांसाठी स्वतंत्र विद्यापीठे आहेत. दान्तेची भाषा आजच्या इटालियन वाचकालाही पुष्कळशी कळते. त्यामुळे आधुनिक भाषा शिकलेला परदेशी विद्यार्थी दोन-तीन वर्षांत टीपांच्या साहाय्याने मूळ काव्यापर्यंत पोहोचू शकतो.