पानं मोजायची, माणसं नाहीत

भोरहून महाडकडे निघालं की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला बिलगून वरंध घाटाकडे चढत जातो. हिर्डोशी याच रस्त्यावर, हिरडस मावळात. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद झाला की या खोऱ्याचं नाव वर्तमानपत्रांत येतं, एरवी क्वचितच. पण मराठी विकिपीडियावर भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या अशा गावांची पानं मोठ्या संख्येने आहेत. २०११ च्या जनगणनेची माहिती घेऊन ती एकाच साच्यात लिहिलेली आहेत. आधी क्षेत्रफळ, कुटुंबं आणि लोकसंख्या, मग साक्षरता, शैक्षणिक सुविधा, पिण्याचं पाणी, स्वच्छता, दळणवळण, बाजार व पतव्यवस्था, वीज, जमिनीचा वापर अशी मथळ्यांची रांग. कित्येक मथळ्यांखाली एक-दोनच ओळी सापडतात.

ही पानं कोरडी आहेत, यात शंका नाही. तरीही मला ती मोलाची वाटतात. गावात दवाखाना आहे का, नसेल तर तो किती लांब, शेतीला पाणी विहिरीचं की ओढ्याचं, ही माहिती सरकारी पुस्तिकांत असतेच, पण ती तिथेच पडून राहते. गावाबद्दल मराठीत, फुकट आणि कुणालाही दुरुस्त करता येईल असं दुसरं पान सहसा नसतं. म्हणून विकिपीडियाचं रूप बदलतं किंवा तिथले वाचक मोजण्याची रीत बदलते, तेव्हा त्याचा परिणाम न्यूयॉर्क किंवा लंडनच्या पानांवर काय झाला एवढंच पाहून भागत नाही. हिर्डोशीसारख्या गावाच्या पानावर काय झालं, हेही पाहायला हवं.

या सगळ्याखाली चालणारं यंत्र म्हणजे मीडियाविकी हे मुक्त सॉफ्टवेअर. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तो युजमॉडविकी नावाच्या साध्या पर्ल प्रोग्रॅमवर. वर्षभरात तो प्रोग्रॅम अपुरा पडला. मॅग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीमध्ये नवी प्रणाली लिहिली आणि जानेवारी २००२ मध्ये ती लागू झाली. वाढत्या गर्दीपुढे तीही दमली, तेव्हा ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहून काढली. आजचं मीडियाविकी त्याच घराण्यातलं. १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तोही याच यंत्रावर. मीडियाविकीचा सगळा कोड उघडा आहे, परवाना जीपीएल. कुणीही तो उतरवून घ्यावा आणि आपल्या संस्थेचा, गावाचा, ग्रंथालयाचा ज्ञानकोश उभा करावा.

पडद्यावर दिसणारं रूप या यंत्रात वेगळं ठेवलेलं असतं आणि त्याला कातडी म्हणजे स्किन म्हणतात. २००४ पासून मोनोबुक होतं. २०१० मध्ये व्हेक्टर आलं. त्यानंतर जवळपास दशकभर संगणकावरचा विकिपीडिया तसाच राहिला, आणि त्या काळात बाकीचं इंटरनेट ओळखू न येण्याइतकं बदललं. २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने नव्या रूपाचं काम हाती घेतलं. फ्रेंच, हिब्रू, बास्क अशा आवृत्त्यांवर ते आधी लावून पाहिलं. इंग्रजीवर ते १८ जानेवारी २०२३ ला आलं. त्याचं नाव व्हेक्टर २०२२.

बदल मोजकेच, पण विचारपूर्वक केलेले. मजकुराची ओळ आता पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत नाही. तिला रुंदीची मर्यादा घातली. फार लांब ओळीत पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो, हे छापखान्यातले लोक पूर्वीपासून जाणतात. अनुक्रमणिका लेखाच्या पोटातून निघून डाव्या बाजूला गेली आणि पान खाली सरकवलं तरी समोर राहू लागली. भाषा बदलण्याचं बटण वर आलं. शोधाच्या पेटीत नुसतं शीर्षक न सुचवता सोबत चित्र आणि एका ओळीचं वर्णनही दिसू लागलं. फाउंडेशनने जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार या नव्या पेटीमुळे शोधांची संख्या ३० टक्क्यांनी वाढली.

इंग्रजी विकिपीडियावर यावरून मोठा वाद झाला. शेकडो संपादकांनी मतं मांडली आणि पुष्कळांचा राग त्या अरुंद ओळीवर होता: दोन्ही बाजूंना एवढी पांढरी जागा वाया का घालवता? शेवटी ओळ पुन्हा रुंद करणारं बटण द्यावं लागलं. पुढे अक्षरांचा आकार निवडण्याची आणि काळ्या पार्श्वभूमीवर वाचण्याची सोयही आली. ज्यांनी पान लिहिलं, त्यांना ते कसं दिसावं यावर बोलण्याचा हक्क आहे, हे या वादाने पुन्हा ठसवलं. व्यापारी कंपनीच्या संकेतस्थळावर हे घडत नाही. तिथे एका सकाळी रूप बदललेलं असतं आणि आपण मुकाट्याने सवय करून घेतो.

आता हिर्डोशीसारख्या गावाचं पान समोर धरू. जुन्या व्हेक्टरमध्ये मथळे तीनाच्या वर गेले की अनुक्रमणिकेची चौकट लेखात आपोआप उमटायची. जनगणनेच्या साच्यातल्या पानाला मथळे भरपूर आणि मजकूर थोडका. सुरुवातीचा परिच्छेद संपला की मथळ्यांची लांबलचक यादी यायची आणि ती ओलांडल्यावर एकेका ओळीचा मजकूर. नव्या रूपात यादी बाजूला गेली आणि पान एकसंध वाचता येऊ लागलं. म्हणजे बदल मोठ्या लेखांसाठी केला, पण फायदा या लहान पानांनाही झाला.

पण हा फायदा फक्त संगणकावर. मोबाईलवर मिनर्व्हा नावाची वेगळी कातडी असते आणि तिथे मथळ्यांखालचे भाग मिटलेले असतात. ‘पिण्याचे पाणी’ उघडा, एक ओळ. ‘स्वच्छता’ उघडा, एक ओळ. ‘वीज’ उघडा, आणखी एक. दहा वेळा बोट लावून दहा ओळी हाती येतात. खोऱ्यातला मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी गावाची माहिती शोधेल तो मोबाईलवरच. माझ्या मते या पानांची खरी पुनर्रचना तिथेच व्हायला हवी, आणि त्यासाठी कातडी बदलायची गरज नाही. चार-पाच मथळे एकत्र करून सलग परिच्छेद लिहिले की झालं. ते काम मराठी संपादकांच्या हातात आहे.

आणखी एक अडचण मराठीची स्वतःची. ‘हिर्डोशी’ या शब्दात काना-मात्रा-वेलांट्या धरून संगणकाच्या हिशेबाने आठ चिन्हं आहेत. पत्त्याच्या पट्टीतून दुवा उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं-अंक असा लिहिला जातो. आठाची बहात्तर चिन्हं होतात, आणि पाहणाऱ्याला तो दुवा व्हायरसचा वाटतो. म्हणूनच साधनांच्या यादीतलं आखूड दुवा देणारं कलम मराठी वाचकाच्या फार कामाचं आहे. इंग्रजीवाल्याला त्याची निकड कधी जाणवलीच नसेल.

रूपापेक्षाही मोलाची गोष्ट मला वाटते ती मोजणीची. आज बहुतेक संकेतस्थळं गूगलसारख्या कंपनीचं मोजणीयंत्र बसवतात. ते यंत्र प्रत्येक वाचकाला क्रमांक देतं आणि या पानावरून त्या पानावर त्याचा माग काढतं. विकिपीडियावर असं यंत्र नाही. किती वेगवेगळ्या उपकरणांवरून भेटी आल्या हे काढायची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवली जाते आणि तिच्यात फक्त एक तारीख असते: हे उपकरण इथे शेवटचं कधी आलं. नाव नाही, क्रमांक नाही. पानाची मागणी आली की सर्व्हर ती तारीख पाहतो. आजची असेल, तर हे उपकरण आज मोजून झालं आहे. कालची किंवा त्याआधीची असेल, तर आजच्या बेरजेत एक मिळवायचा आणि कुकीवर आजची तारीख टाकायची. तारीख मागच्या महिन्यातली असेल, तर महिन्याच्या बेरजेतही एक. ज्यांच्याकडे कुकी टिकत नाही त्यांच्यासाठी अंदाजाने वेगळी भर घालतात. मतदानाच्या वेळी बोटाला शाई लावतात तशी ही खूण: मत देऊन झालं हे कळतं, कोणाला दिलं हे नाही.

हा हिशेब अख्ख्या मराठी विकिपीडियाचा निघतो, एकेका पानाचा नाही. एका पानाबद्दल कळतं ते एवढंच की अमुक दिवशी ते किती वेळा उघडलं गेलं. असे पानवार आकडे जुलै २०१५ पासून सर्वांसाठी खुले आहेत. संगणकावरून किती, मोबाईलवरून किती, माणसांनी किती आणि यंत्रांनी किती, अशी फोडही मिळते. ज्या कच्च्या नोंदींतून हे आकडे निघतात, त्या ९० दिवसांनी पुसल्या जातात. पुढे कोणत्या देशातून काय वाचलं जातं हेही अभ्यासकांना हवं होतं. तेव्हा २०२३ मध्ये टमल्ट लॅब्ज या कंपनीच्या मदतीने तेही खुलं केलं, पण आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती भेसळ करून आणि अगदी लहान आकडे गाळून. भेसळ अशा बेताची की मोठं चित्र बिघडू नये, पण एकट्या वाचकाला हुडकून काढता येऊ नये.

एवढी खबरदारी कशासाठी, हे लहान पानावरून नीट समजतं. ताजमहालाच्या पानाच्या हजारो वाचकांत कुणी एक सहज लपून जातो. पण घाटाखालच्या वाडीचं पान एखाद्या दिवशी परदेशातून एकदाच उघडलं गेलं, तर त्या वाडीतून परदेशी गेलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी असतात, आणि कोणी उघडलं हे गावाला अंदाजाने सांगता येतं. धर्म, आजार, राजकारण अशा विषयांवरच्या लहान पानांवर तर असा अंदाज कुणाच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून मला ही कमी जाणून घेण्याची निवड मान्य आहे.

तिची किंमतही मोजावी लागते. नवी शोधपेटी बरी की जुनी, हे ठरवायला अर्ध्या वाचकांना एक रूप आणि उरलेल्यांना दुसरं दाखवून तुलना करतात. त्यासाठी भेटी हजारोंनी लागतात. दिवसाकाठी एक-दोनदा उघडणाऱ्या पानावर असा प्रयोग कधीच सिद्ध होणार नाही. त्यामुळे रूपाचे निर्णय गजबजलेल्या पानांच्या आकड्यांवर होतात आणि गावांची पानं त्यांच्यामागून चालतात. यावर उपाय एकच: आकडा नसेल तिथे वाचणाऱ्याशी बोलायचं. हिर्डोशीच्या आसपासच्या शाळेतल्या मुलांना मोबाईलवर गावाचं पान उघडायला सांगून नुसतं पाहत बसलं, तरी कुठल्याही आलेखापेक्षा जास्त कळेल.

मराठी पानांचे आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. भेटींची मोजणी शीर्षकाबरहुकूम होते. ‘हिर्डोशी’ आणि ‘हिरडोशी’ ही यंत्राच्या लेखी दोन शीर्षकं. ‘खोरे’चं ‘खोऱ्यात’ होतं, तेव्हा त्यातला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं जातं, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण शीर्षक म्हणून ती वेगळी. एका रूपातून दुसऱ्याकडे वाट करून देणारं पुनर्निर्देशन नसेल, तर वाचक ‘असे पान नाही’ हे वाचून परत फिरतो. असलं तरी भेट आधीच्या शीर्षकाच्या खात्यावर पडते. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. अशा वेळी लेखाचं शीर्षक बदललं, तर जुन्या भेटी जुन्या नावाखालीच राहतात आणि नव्या नावाचा आलेख शून्यापासून चढू लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस म्हणेल की तालुक्याबद्दलची उत्सुकता एकाएकी वाढली. दोन्ही शीर्षकांची बेरीज केल्याशिवाय त्या आलेखावर बोलू नये.

अलीकडे मात्र मोजणीपुढे याहून मोठं संकट उभं राहिलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला मजकूर हवा असतो, आणि तो गोळा करणारे प्रोग्रॅम विकिपीडियावर अखंड फिरतात. एप्रिल २०२५ मध्ये फाउंडेशनने सांगितलं की चित्रं आणि चित्रफिती उतरवण्याचा भार जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढला. सर्वांत खर्चीक रहदारीतला ६५ टक्के वाटा यंत्रांचा होता, पण पानभेटींत त्यांचा वाटा साधारण ३५ टक्केच. यामागचं कारण असं की माणसं ठरावीक पानं पुन्हा पुन्हा उघडतात आणि ती जवळच्या सर्व्हरवर तयार असतात. यंत्रं कोपऱ्यातलं प्रत्येक पान उघडतात, आणि ते दरवेळी मुख्य केंद्रातून आणून द्यावं लागतं. हिर्डोशीच्या जातीची पानं नेमकी या कोपऱ्यातली. त्याच वर्षी यंत्रं ओळखण्याची चाळणी बारीक केल्यावर माणसांच्या भेटी आदल्या वर्षापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरल्या. उत्तर शोधयंत्राच्या पानावरच मिळालं की मूळ पानापर्यंत कुणी जात नाही. आणि वाचक पानावर आलाच नाही, तर ‘संपादन’ हे बटणही त्याच्या नजरेला पडत नाही.

गावांच्या पानांना हा धोका जास्त आहे, कारण तिथे दुरुस्तीची गरजही जास्त. पानावरचे आकडे २०११ चे आहेत. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिची गाववार माहिती आली की भोर आणि राजगडच्या प्रत्येक पानावर नवे आकडे चढवावे लागतील. ते काम प्रोग्रॅम लिहून काही तासांत होईलही. पण रस्ता कुठून वळवला, बोअरला पाणी उन्हाळ्यात टिकतं का, शाळेत कितवीपर्यंतचे वर्ग उरले, हे तिथल्याच कुणीतरी लिहायला हवं. त्यासाठी चावडीवर विचारायची आणि धूळपाटीवर सराव करायची सोय मराठी विकिपीडियावर आहे, टंकायला मराठी कळफलक पानातच मिळतो, आणि खातं उघडायला ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही.